चुकलेला टाका लपवू नका

क्रोशाची बाहुली आपण अनेकदा विणली असेल. परंतु दुसऱ्या कुणी रचलेल्या आणि अद्याप प्रसिद्ध न झालेल्या बाहुलीचा नमुना पारखण्यासाठी विणणे, हे काम निराळे आहे. रचनाकार आपला लेखी नमुना काही निवडक विणणाऱ्यांकडे पाठवतात, ठरावीक मुदत देतात आणि प्रत्येकाकडून अभिप्राय मागवतात. मोबदला बहुधा नसतो. नमुना विनामूल्य मिळतो आणि तयार बाहुली आपल्यापाशी राहते. अशी विचारणा आपल्याला झाली, तर होकार देण्यापूर्वी या कामाचे मर्म जाणून घ्यावे.

अशा बाहुल्यांना ‘अमिगुरुमी’ हे जपानी नाव आहे. डोके बहुधा ६ टाक्यांच्या वर्तुळापासून सुरू होते आणि प्रत्येक फेरीत ६ टाके वाढत जातात : १२, १८, २४, ३०, ३६. समजा, सातव्या फेरीसाठी नमुन्यात असे लिहिले आहे : ‘४ मुके खांब, नंतर एका टाक्यात दोन, असे ६ वेळा, एकूण ४२.’ येथे ४ नव्हे, ५ मुके खांब हवेत, हे अनुभवी हातांना ठाऊक असते. ते नकळत ५ घालतात, बेरीज ४२ येते आणि आपण पुढे जातो. चूक मात्र नमुन्यात तशीच राहते. उद्या एखादी नवखी मुलगी लिहिल्याबरहुकूम विणील, तेव्हा तिचे टाके ३६च भरतील, मागच्या फेरीतले ६ टाके शिल्लक उरतील आणि ‘मलाच जमत नाही’ असे म्हणून ती सुई खाली ठेवील.

म्हणून आपले ज्ञान क्षणभर बाजूला ठेवून जे लिहिले आहे तेच विणावे. एरवी चुकलेला टाका आपण गुपचूप उसवतो. येथे उसवण्यापूर्वी तो वहीत टिपून ठेवावा. चूक आपलीच वाटली तरीही टिपावी, कारण त्याच जागी आणखी दोघी अडखळल्या असतील, तर दोष हातांचा नसून शब्दांचा आहे. अमेरिकी लेखनातला ‘सिंगल क्रोशे’ ब्रिटिश लेखनात ‘डबल क्रोशे’ होतो. तेव्हा नमुन्यात कोणती परिभाषा वापरली आहे, हे स्पष्ट केले आहे का, तेही पाहावे. सुईचा क्रमांक, लागलेली लोकर आणि वेळ यांची नोंद तर हवीच.

यापुढची परीक्षा अधिक गंभीर आहे, कारण बाहुली शेवटी एखाद्या बाळाच्या तोंडात जाणार असते. प्लॅस्टिकच्या डोळ्यांना ‘सेफ्टी आय’ म्हणतात. परंतु या नावावर विसंबू नये. वीण सैल असेल, तर मागची चकती टाक्यांमधून निसटून डोळा बाहेर येऊ शकतो. खेळण्यांच्या सुरक्षा-चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक लहानसे नळकांडे वापरतात. त्यात पूर्ण मावणारा सुटा भाग तीन वर्षांखालील मुलांसाठी धोक्याचा मानला जातो. बाहुलीचे डोळे आणि बटणे त्यात सहज मावतात. म्हणून तयार बाहुलीचे डोळे, हातपाय आणि केस जोर लावून ओढून पाहावेत. ती धुऊन, आतला कापूस पूर्ण वाळल्यावर पुन्हा ओढावेत. एखादा भाग हलला, तर तसे निःसंकोच कळवावे आणि लहान मुलांसाठी दोऱ्याने भरलेल्या डोळ्यांची सूचना नमुन्यात घालण्यास सुचवावे.

या साऱ्यात आपल्या हातांचा विसर पडू नये. आतला कापूस दिसू नये म्हणून ही वीण घट्ट ठेवावी लागते आणि त्याचा ताण अंगठ्याच्या मुळाशी व मनगटावर येतो. मुदत जवळ आली, की रात्री उशिरापर्यंत बसण्याचा मोह होतो, तो टाळावा. दर अर्ध्या तासाने सुई ठेवून बोटे ताणावीत, दूरवर पाहावे, कोपरांना आधार द्यावा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा मनगटाच्या वेदनेने झोपमोड होत असेल, तर काम थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. मुदत वाढवून मागण्यात कमीपणा नाही; उलट, या नमुन्याला किती वेळ लागतो हेही रचनाकाराला त्यातून कळते.

अखेरीस अभिप्राय लिहिताना ‘फार गोड बाहुली आहे’ एवढ्यावर थांबू नये. फेरीचा क्रमांक, तेथे लिहिलेले वाक्य आणि प्रत्यक्षात काय घडले, या तीन गोष्टी सौम्य शब्दांत कळवाव्यात. आपण न दडवलेल्या त्या एका टाक्यामुळे कुठल्यातरी घरात एका नवख्या विणणारीची सातवी फेरी बिनचूक पुरी होईल.