सीसी किती आणि भरवसा किती? लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकल निवडताना

तत्त्वज्ञानाच्या माणसानं मोटारसायकलवर काय बोलावं, असा प्रश्न आजच्या विषयाची पाटी वाचून काहींच्या मनात आला असेल. उत्तर सोपं आहे. कोल्हापुरात तरुण मुलं आम्हाला जे प्रश्न विचारतात, त्यात आत्मा आणि मोक्ष फार क्वचित येतात. "सर, साडेतीनशे घेऊ का साडेसहाशे? गोव्याला जायचं आहे, हंपीला जायचं आहे, जमलं तर लडाखलाही," हा प्रश्न जास्त वेळा येतो. आणि तो क्षुल्लक नाही. दोन ते चार लाखांची रक्कम, तीही बहुतेक वेळा हप्त्यानं फेडायची. मागच्या सीटवर बायको किंवा मित्र बसणार. ऐन पावसाळ्यात, रात्री, आंबा घाटात गाडी बंद पडली तर त्या दोघांच्या जिवाचाच प्रश्न असतो. तेव्हा या प्रश्नाला विचार करूनच उत्तर दिलं पाहिजे.

विचार करायचा म्हणजे आधी एकमेकांत गुंतलेले शब्द सुटे करायचे. "मोठं इंजिन" आणि "भरवशाची गाडी" हे दोन शब्दप्रयोग आपण एका दमात वापरतो. ते आज वेगळे करू.

सीसी म्हणजे काय? पिस्टन सिलेंडरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो, तेव्हा तो जेवढी जागा व्यापतो तिचं घन सेंटीमीटरमधलं माप. ३५० सीसी म्हणजे साधारण एक तृतीयांश लिटर. हे भांड्याचं माप झालं. त्या भांड्यात किती वेळा आणि किती जाळावर स्वयंपाक करायचा, हे त्यात सांगितलेलं नाही. रॉयल एनफिल्डचं ३४९ सीसीचं इंजिन सुमारे २० हॉर्सपॉवर देतं. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकचं जुनं इंजिन ३७३ सीसीचं होतं आणि ते सुमारे ४३ हॉर्सपॉवर द्यायचं. भांडी जवळजवळ सारखी, काम दुपटीनं. म्हणजे सीसी सांगितली की ताकद कळली, असं होत नाही.

मग ताकद लागते तरी किती? इथं थोडं गणित करू. ते ढोबळ आहे, पण उपयोगाचं आहे. सपाट रस्त्यावर गाडीला मुख्यतः हवा कापायची असते. त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट केला तर हवा कापायला सुमारे ३.४ पट शक्ती लागते. सरळ बसून गाडी चालवणाऱ्या माणसाला ताशी ८० किलोमीटरला सहा-सात हॉर्सपॉवर पुरतात. ताशी १०० ला बाराच्या आसपास लागतात आणि १२० ला वीसपर्यंत जातात. घाटाचं काय? समजा गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून ३५० किलो वजन आहे, चढ शंभर मीटरला सहा मीटरचा आहे आणि वेग ताशी ४०. चढायला तीन हॉर्सपॉवर, वारा आणि चाकांच्या घर्षणाला दीड. झाले साडेचार. म्हणून तर ९७ सीसीची स्प्लेंडर दोन माणसं आणि एक पोतं घेऊन गगनबावड्याचा घाट बिनबोभाट चढते. तिच्याकडे आठेक हॉर्सपॉवर असतात, तेवढे पुरतात.

पण तीच स्प्लेंडर पुणे-बंगळूर महामार्गावर ताशी ८० नं निपाणी, बेळगाव, हुबळी करत नेली, तर ती सगळा वेळ आपल्या ताकदीच्या टोकाशी राबत असते. २० हॉर्सपॉवरची गाडी त्याच वेगाला आपल्या एक तृतीयांश ताकदीत चालते. आणि ती २० ची गाडी ताशी १२० नं हाकायची म्हटलं, की तिचीही गत स्प्लेंडरसारखी होते. राखीव ताकद ही गोष्ट इंजिन आणि तुमचा नेहमीचा वेग या दोघांच्या नात्यातून ठरते. एकट्या इंजिनाला विचारून ती कळत नाही.

आता दुसरा शब्द, भरवसा. याचे आम्ही तीन अर्थ करतो. पहिला, गाडी किती वेळा बिघडते. दुसरा, बिघडली तर काय होतं, म्हणजे रखडत का होईना घरी पोचता येतं, की जागेवर बसावं लागतं. तिसरा, दुरुस्ती कुठं होते आणि किती वेळात. कारखान्यातले इंजिनिअर हा हिशोब नेहमी करतात. यंत्र दोन बिघाडांच्या मध्ये किती काळ चालतं आणि एका बिघाडानंतर किती काळ बंद राहतं, हे दोन्ही आकडे घेतल्याशिवाय ते यंत्र कामाचं किती, हे ते सांगत नाहीत. आपण मात्र गाडी घेताना पहिलाच अर्थ धरून बसतो.

आपल्या कोल्हापूरच्या लोकांना हा तिसरा अर्थ रक्तातूनच कळायला हवा. उद्यमनगर काय, शिरोली काय, गोकुळ शिरगाव काय, हे फौंड्री आणि लेथ मशीनचं गाव. जुनी कास्ट आयर्नची बुलेट वारंवार कुरकुर करायची. तेल गळायचं, पॉइंट जळायचा, किक मारताना पाय सुजायचा. पण ती कुठल्याही गावात उघडता यायची. पार्ट मिळाला नाही तर मिस्त्री तो लेथवर करून द्यायचा. पहिल्या अर्थानं ती कमी भरवशाची, तिसऱ्या अर्थानं फार भरवशाची. आजच्या गाडीचं उलट आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि बहुतेक सगळ्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. ही गाडी वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. पण फ्युएल पंप किंवा एखादा सेन्सर गेला, तर वाटेतला मिस्त्री, कितीही हुशार असला तरी, हात टेकतो. संगणक लावून दोष वाचावा लागतो आणि पार्ट शहरातून मागवावा लागतो.

म्हणून "मोठं इंजिन म्हणजे भरवशाचं" हे वाक्य तपासून घेतलं पाहिजे. आपल्या न्यायशास्त्रात त्यासाठी चांगलं हत्यार आहे. जिथं धूर तिथं अग्नी, ही व्याप्ती खरी. पण जिथं अग्नी तिथं धूर, हे खरं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. हे ओलं सरपण म्हणजे नैयायिकांच्या भाषेत उपाधी, म्हणजे गुपचूप आत शिरलेली अट. "मोठं इंजिन, म्हणून टिकाऊ" यातही एक उपाधी लपलेली आहे. ती म्हणजे इंजिनावरचा कमी ताण. पूर्वी नदीकाठी उसाला पाणी देणारी लिस्टरसारखी मंदगती ऑइल इंजिनं ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हे लगेच कळेल. १४०० सीसीच्या आसपासचा एक सिलेंडर, मिनिटाला ६५० फेरे आणि ताकद फक्त सहा हॉर्सपॉवर. ते इंजिन पिढ्यानपिढ्या टिकलं, कारण त्याच्याकडून काम हळू आणि बेतानं घेतलं जायचं. त्याच आकाराच्या इंजिनातून शंभर हॉर्सपॉवर पिळून काढले असते, तर हा टिकाऊपणा कुठून आला असता?

आणि दुसरी बाजूही आहे. वाटेत गाड्या थांबतात त्या बहुतेक वेळा इंजिनामुळं थांबतच नाहीत. पंक्चर, सैल किंवा तुटलेली चेन, क्लचची केबल, उतरलेली बॅटरी, जळालेला फ्यूज, ही कारणं आम्ही रस्त्याकडेला जास्त पाहिली आहेत. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डनं सुमारे २ लाख ३७ हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या, त्या इग्निशन कॉइलसाठी. मुठीत मावेल एवढी वस्तू. तिचा सीसीशी काही संबंध नाही. म्हणून नवं मॉडेल बाजारात आल्या आल्या पहिल्या वर्षी घेऊ नये. इतरांच्या गाड्यांतून त्याच्या खोडी कळू द्याव्यात, असं आम्ही सांगतो.

इथं एका पुस्तकाची आठवण काढावी लागेल. रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' १९७४ मध्ये आलं. हा गृहस्थ तरुणपणी बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकून गेलेला. १९६८ मध्ये मुलाला मागे बसवून तो मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेला, हजारो किलोमीटर. गाडी कोणती? ३०५ सीसीची होंडा. आपल्या साडेतीनशेपेक्षाही लहान. सोबतच्या मित्राकडे तिच्याहून मोठी आणि महागडी बीएमडब्ल्यू होती. त्या मित्राला गाडीच्या पोटात काय आहे ते समजून घ्यायचंच नव्हतं. पर्सिग स्वतःच्या गाडीचा आवाज ऐकून तिची तब्येत सांगायचा. पुस्तकातला हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. भरवशाचा मोठा वाटा मालकाच्या कानात आणि हातात असतो, शोरूममध्ये तो विकत मिळत नाही.

मग मोठ्या इंजिनाच्या बाजूनं काहीच बोलायचं नाही का? बोलायचं, आणि प्रामाणिकपणे बोलायचं. कोकणातल्या दुपदरी रस्त्यावर उसाच्या किंवा चिऱ्याच्या ट्रकला ओलांडताना समोरून एसटी दिसते. त्या वेळी तुम्ही चुकीच्या बाजूला किती सेकंद राहता, याला महत्त्व असतं. राखीव ताकद असली तर ते सेकंद कमी होतात. दोन माणसं आणि सामान असेल तर हा फरक जास्त जाणवतो. पण मोठ्या गाडीचं वजनही मोठं असतं. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, क्लासिक ३५० सुमारे १९५ किलो, इंटरसेप्टर ६५० त्याहून जड. चिखलात, वाळूत किंवा लॉजच्या उतारावर ती एकट्याला उचलता आली पाहिजे. आणि ओलांडण्याचा मोह हासुद्धा ताकदीबरोबर फुकट मिळतो. म्हणून ताकदीआधी ब्रेक बघावेत. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, पण ते पुढच्या चाकालाच आहे की दोन्ही चाकांना, हे विचारून घ्यावं.

पैशांचंही एक वळण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागू झाला. ३४९ आणि ३५१ या दोन इंजिनांत निसर्गानं काही भेद केलेला नाही, भेद कायद्यानं केला. पण खिशाला तो खरा आहे. साडेतीनशेच्या खालची गाडी घेतली, तर वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, जाकीट, पावसाळी बूट, चांगले टायर आणि दोन वर्षांची सर्व्हिसिंग निघते. यातली प्रत्येक वस्तू तुम्हाला सुखरूप घरी आणायला जास्तीच्या तीनशे सीसीपेक्षा अधिक मदत करते, असं आमचं मत आहे.

आता निवड कशी करायची? उत्तर शोधण्याआधी प्रश्नांचा क्रम लावा. पहिला प्रश्न: वर्षातले किती दिवस मी खरोखर लांब जाणार? दहा दिवसांच्या लडाखसाठी उरलेले ३५५ दिवस महाद्वार रोडच्या गर्दीत जड गाडी ढकलायची आहे का? दुसरा: माझा नेहमीचा वेग कोणता आणि मागे कोण बसणार? तिसरा: मी जिथं जाणार, त्या वाटेवर या गाडीचा पार्ट आणि माणूस कुठं भेटतो? सावंतवाडीत, कारवारात, हुबळीत? चौथा: पंक्चर, चेन, केबल आणि फ्यूज हे चार मला स्वतः जमतात का? पाचवा: हप्ता भरून झाल्यावर पेट्रोलला पैसे उरतात का? सीसीचा प्रश्न सहावा. आणि पहिल्या पाचांची उत्तरं खरी दिली असतील, तर सहाव्याचं उत्तर बहुतेक आपोआप मिळतं.

आमचा अंदाज विचाराल तर असा. एकट्यानं, लहान रस्त्यांनी, गड-किल्ले आणि घाट हिंडणाऱ्याला दोनशेच्या आसपासची हलकी गाडी पुरते. जोडीनं, सामानासह, ताशी ८०-९० नं जाणाऱ्याला साडेतीनशेची संथ गाडी योग्य. जो महिन्यातून दोनदा महामार्गानं बंगळूरला जातो आणि ताशी ११० च्या खाली राहत नाही, त्यानं साडेसहाशेचा विचार जरूर करावा, कारण लहान इंजिन त्या वेगाला सतत टोकाशी राबेल.

एवढं करूनही एक काम उरतं. गाडी घेतल्यावर पहिले सहा महिने तिला लांब नेऊ नका. पन्हाळा, जोतिबा, राधानगरी एवढ्याच फेऱ्या करा. तिचा आवाज कानात बसू द्या, चेन स्वतः ताणा, मिस्त्रीशेजारी उभं राहून त्याला प्रश्न विचारा. मग गोव्याला जा. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मुलांनी हात वर केलेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.