पनवेलची जुनी पेठ

पनवेल गाव वसले ते खाडीच्या भरतीमुळे आणि वाढले ते घाटाच्या वाटेमुळे. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे जुन्या पेठेचे कोडे पुष्कळसे उलगडते. मुंबईहून निघालेले पडाव व मचवे भरतीचे पाणी साधून खाडीने आत येत. येथे माल उतरे आणि बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांत चढून बोरघाटाकडे चालू लागे. भरती चुकली तर पुढच्या भरतीपर्यंत थांबावे लागे. थांबलेल्या माणसाला जेवण, निवारा, प्रसंगी उसनवारी लागते. जनावराला गोडे पाणी लागते. पेठ उभी राहिली ती या थांबण्यातून.

या वाटेचे मोल लष्करानेही ओळखले होते. १७७८ च्या अखेरीस रघुनाथरावांना पुण्यात सत्तेवर बसविण्यासाठी निघालेली इंग्रजांची फौज पनवेलवरूनच घाटाकडे गेली, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावास तिला मान खाली घालून तह करावा लागला. पुढे १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला. तेव्हापासून या वाटेवर खरे राज्य सुरू झाले ते चाकाचे.

चाके करणे हा पनवेलचा मुख्य धंदा होता, ही गोष्ट आजच्या पनवेलकरांनाही नवी वाटेल. देशावरून उतरलेला जवळजवळ प्रत्येक गाडीवान परतताना येथून चाकांची एक जोडी घेऊन जाई, असे इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनी नमूद केले आहे. चाक म्हणजे मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले पुठे आणि सर्वांवर लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवितात. विस्तवात लाल होऊन ती फुगली की चाकावर चढवितात व लगेच पाणी ओततात. ती आकसते आणि सारा सांगाडा आवळून धरते. हे काम एकट्या सुताराचे नव्हे, एकट्या लोहाराचेही नव्हे. अशा धंद्याला शेजार लागतो, आणि शेजारातून आळी होते.

१८६३ साली मुंबई-पुणे लोहमार्ग घाटातून पूर्ण झाला, तो कर्जतवरून. पनवेल बाजूला पडले. प्रवासी गेले, टपाल गेले. टपाल नाका हे नाव ऐकले की आम्हांस त्या दिवसांची आठवण होते. आता हे गाव संपले, असे त्या वेळी कोणासही वाटले असते. पण भात, मीठ आणि गाड्या यांचा व्यवहार चालूच राहिला, आणि वाटेने आणलेली माणसे तोवर येथलीच होऊन गेली होती. कच्छी मोहल्ला, भुसार मोहल्ला, कापड बाजार, मिरची गल्ली ही नावे एका दमात उच्चारून पाहावी. कोण आले आणि काय विकले गेले, ते त्यांत सांगितलेले आहे. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवार पाळणारे म्हणून ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, त्या बेने इस्रायली मंडळींचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९ चे. नगरपालिका १८५२ ची, म्हणजे महाराष्ट्रातील अगदी पहिल्या काहींपैकी. आणि रेल्वेने बगल दिल्यावर अवघ्या नऊ वर्षांनी, १८७२ मध्ये, कृष्णशास्त्री पुराणिक यांनी राजापूरच्या धूतपापेश्वराचे नाव देऊन आपला औषधांचा कारखाना याच गावी काढला. वैद्याच्या घरची औषधे विक्रीसाठी मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचा हा उद्योग तेव्हा धाडसाचाच होता.

गावातील तळ्यांची नावे तर यमके जुळवावी तशी आहेत : वडाळे, देवाळे, कृष्णाळे, विश्राळे. खाडीलगतच्या गावाला गोड्या पाण्याचे मोल अधिक, म्हणून ही तळी पेठेइतकीच महत्त्वाची, असे आम्हांस वाटते. वडाळे तळ्याकाठी बल्लाळेश्वराचे देऊळ आहे. भरतीचे पाणी ज्या गावाने बोलावले, त्या गावाला पुराचेही भय असणारच. २६ जुलै २००५ रोजी गाढी नदीचे पाणी गावात शिरले आणि बेथ एलचीही हानी झाली.

वाहतुकीने पनवेलला पुन्हा हात दिला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९९८ मध्ये मुंबईची लोकल आली, २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. या भरभराटीने जागेचे भाव वाढले आणि जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या. कौले, लाकडी खांब, ओटी, माजघर ही सर्व जपावी असे म्हणणे सोपे आहे. गळत्या वाड्यात राहणाऱ्यास ते सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र वाड्याबरोबर आणखी एक वस्तू जाते, ती फुकट राखता येते. जुन्या खरेदीखतांत घराच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतात : पूर्वेस कोणाचे दुकान, दक्षिणेस कोणती वाट, पश्चिमेस कोणाची विहीर. ज्यांच्या पेट्यांत अशी खते असतील त्यांनी वाडा विकसकाच्या हवाली करण्यापूर्वी तेवढ्या चार ओळी उतरून एखाद्या वाचनालयात द्याव्या. चाके करणारे नेमके कोणत्या आळीत बसत, हे कदाचित त्यांतच सापडेल.