वाशिमहून आलेली नायिका

५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाला सांगली, विष्णुदास भावे आणि १८४३चे ‘सीता स्वयंवर’ यांची उजळणी होईलच. वाशिमच्या हौशी नाट्यमंडळांनी मात्र यंदा आणखी नऊशे वर्षे मागे जावे.

राजशेखराचे ‘कर्पूरमंजरी’ हे सट्टक, म्हणजे प्राकृतातले नाटक, इ. स. ९००च्या आसपासचे. राजशेखर कनोजच्या दरबारातला, पण आपल्या पणजोबांना अभिमानाने ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणणारा. पहिल्याच अंकात भैरवानंद हा मांत्रिक दरबारात येतो. चमत्कार दाखव म्हटल्यावर विदूषक कपिंजलाला दक्षिणेतल्या वच्छोम नगरात पाहिलेली एक मुलगी आठवते. मंत्राच्या जोरावर ती तिथल्या तिथे हजर होते. नुकती न्हालेली, केस अजून ओले. हीच नायिका कर्पूरमंजरी. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, म्हणजेच आपले वाशिम.

ही ओळख पटवणाऱ्या संशोधकांत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींचे ऋण सर्वांत मोठे. १९३९मध्ये वाशिमला सापडलेल्या ताम्रपटामुळे वाकाटक राजघराण्याची वत्सगुल्म शाखा ठळकपणे उजेडात आली. तिचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत कवी, ‘हरिविजया’चा कर्ता. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले तेही वत्सगुल्मातच. मिराशींचे ग्रंथ आज संशोधकांपुरते उरले आहेत, याचे वाईट वाटते. ते नाटकवाल्यांच्या हाती पडायला हवेत.

कारण ‘कर्पूरमंजरी’ करायला सोपे आहे. अंक चारच, झोपाळा आहे, नाच आहे. कपिंजल आणि दासी विचक्षणा यांची कवितेवरून जुंपते, दासी सरस ठरते आणि विदूषक रुसून निघून जातो. हे भांडण वऱ्हाडीत ऐकायला मिळाले तर थिएटर डोक्यावर घेतील लोक!

बोलीला प्रेक्षक नाही, हे मला मान्य नाही. वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावची मंडळे नाटके ठरवतात, मंडप घालतात आणि लोक तिकीट काढून रात्रभर बसतात. तिथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. पूर्व विदर्भाला जे जमते ते पश्चिम विदर्भाला का जमू नये?

वाशिम, कारंजा, रिसोडच्या मंडळांना म्हणूनच विनंती आहे. महाविद्यालयातल्या संस्कृत-मराठीच्या प्राध्यापकांना सोबत घ्या, वऱ्हाडी रूपांतर करा आणि राज्य नाट्यस्पर्धेला ‘कर्पूरमंजरी’ उतरवा.