मुलांची गोष्ट इंग्रजीत नेताय? शब्द असे निवडा!

सानगडीतल्या गोष्टीवेल्हाळांनो, झाडीबोलीतली गोष्ट जगभरच्या मुलांना सांगायचीय? प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीविव्हर'वर कोणीही मोफत भाषांतर करू शकतं. तिथं वाचनाच्या चार पातळ्या आहेत. आधी आपल्या गोष्टीची पातळी ठरवा.

🔸 लहानग्यांसाठी 'कमेन्स' नको, 'स्टार्ट' घ्या.
🔸 आजीला 'आजी'च राहू द्या. शेजारच्या चित्रातून मुलांना अर्थ कळतो.
🔸 'धपकन', 'छपाक' यांचा अर्थ सांगत बसू नका. 'थड', 'स्प्लॅश' असे नादच द्या.
🔸 मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली, तर वाक्य तोडा.

सरावासाठी शांता गोखले यांचा 'श्यामची आई'चा इंग्रजी अनुवाद (२०२१) मूळ पुस्तकाशेजारी ठेवून वाचा. तुम्ही कोणती गोष्ट निवडाल?