हृद्‌स्नायु-चित्रणातील क्षीणन-शुद्धी

हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा पाहण्यासाठी टेक्नेशियम–९९एम किंवा थॅलियम–२०१ यांची संयुगे शिरेतून देतात व बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांवरून छेदचित्रे तयार करतात. वाटेतील ऊतकांत हे किरण क्षीण होतात. टेक्नेशियमाच्या १४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या किरणांची तीव्रता सु. ४·५ सेंमी. मऊ ऊतकात निम्मी होते. त्यामुळे स्त्रियांत स्तनांमुळे अग्रभित्ती, तर पुरुषांत बहुधा मध्यपटलामुळे अधोभित्ती निरोगी असूनही फिकी दिसते आणि रुग्णाला नाहक रोहिणीचित्रणास सामोरे जावे लागते. यावर उपाय म्हणून क्ष-किरण संगणकीय छेददर्शनाने छातीचा क्षीणन-नकाशा मिळवून गणनेत दुरुस्ती करतात. तथापि मूळ व शुद्ध प्रतिमा शेजारी ठेवूनच वाचाव्यात. कारण श्वसनामुळे नकाशा व प्रतिमा जुळल्या नाहीत, तर फुप्फुसाची अल्प घनता हृदयभित्तीच्या जागी धरली जाऊन अग्र-पार्श्व भागात नवाच खोटा दोष उमटतो.