ठसा, रंगीत पेन्सिल आणि चेहऱ्याचा रंग

१४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या तीन प्रसंगी आपल्या निवासी शाळेत शुभेच्छापत्रे हाताने तयार करण्याचा प्रघात आहे. किन्हवली परिसरातील माजी विद्यार्थ्यांच्या घरी, पत्र्याच्या पेटीत किंवा जुन्या वहीत, यांतील एखादे पत्र अद्याप सापडेल असा आमचा विश्वास आहे. ठशाने आकृती उमटवायची आणि ती रंगीत पेन्सिलींनी भरायची, इतकाच हा उद्योग. तथापि त्यात बरेच काही शिकण्यासारखे आहे, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी लिहीत आहोत.

ठसा ही बौद्धांना परकी वस्तू नव्हे. एकोणिसाव्या शतकात ई. डब्ल्यू. वेस्ट यांना कान्हेरीच्या लेण्यांत मातीच्या लहान मुद्रा मिळाल्या. त्यांवर बुद्धांची आकृती आणि प्रतीत्यसमुत्पादाची प्रसिद्ध गाथा साच्याने उमटवलेली होती. कान्हेरी ज्या साष्टी बेटावर आहे ते त्या काळी ठाणे जिल्ह्यातच होते. म्हणजे हा आपल्याच जिल्ह्याचा वारसा. पुढे चीनमध्ये लाकडी ठोकळ्यांनी ग्रंथ छापले जाऊ लागले. तुनहुआंग येथे मिळालेली इ. स. ८६८ मधील वज्रच्छेदिका सूत्राची प्रत ही तारीख नोंदलेल्या उपलब्ध छापील ग्रंथांत सर्वांत जुनी मानली जाते. तिच्या आरंभी छापील चित्रही आहे. वचन आणि प्रतिमा अनेकांच्या हाती पोहोचावी, ही त्यामागची प्रेरणा होती. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याच्या मुलांना हा इतिहास आम्ही मुद्दाम सांगतो.

आता ठशाकडे वळू. लहान वर्गांत भेंडी आणि बटाटा पुरतात. मोठ्या मुलांसाठी साधा पांढरा खोडरबर उत्तम. ठशाची पहिली अडचण उलटेपणाची असते. एका वर्षी एका मुलाने ‘जयभीम’ ही अक्षरे मोठ्या कष्टाने सुलट कोरली आणि कागदावर ती आरशात पाहिल्यासारखी उमटली. सारा वर्ग हसला. त्याच्या डोळ्यांत मात्र पाणी आले. यावर सोपा उपाय आहे. मऊ शिशाच्या पेन्सिलीने आकृती कागदावर काढावी, तो कागद खोडरबरावर पालथा घालून मागून नखाने घासावा. शिसे रबरावर उलटे उतरते आणि त्याबरहुकूम कोरलेला ठसा कागदावर सुलट येतो. जो भाग कोरून काढला तो पांढरा राहतो, राखला तो छापला जातो. पिंपळपान, धम्मचक्र, उघडे पुस्तक, कमळ, हे विषय आरंभी घ्यावेत. चेहरा सर्वांत शेवटी. पात्याचे काम मात्र शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे.

रंगीत पेन्सिलच का, असे पालक विचारतात. कारण साधे आहे. कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या स्टॅम्पपॅडची शाई पाण्याने फुटते. जलरंगाचा ब्रश फिरला की रेषा पसरून चेहरा जांभळा होतो. रंगीत पेन्सिलीच्या कांडीत रंगद्रव्य, मेण आणि शाडूसारखी पांढरी माती असते, पाणी नसते. त्यामुळे शाई पूर्ण वाळल्यावर रेषा शाबूत राहते. कागद गुळगुळीत नको. चकचकीत कार्डावर मेण धरत नाही. किंचित खरखरीत ड्रॉइंग पेपर घ्यावा. टोक सदैव अणकुचीदार असावे, हात हलका असावा, आणि रंग एकदम गडद न भरता थरावर थर द्यावेत. दाबून भरले की कागदाचे कण मेणाने बुजतात आणि वरचा थर बसत नाही. पांढरा रंग हवा तेथे कागदच कोरा ठेवावा. पंचशील ध्वज रंगवताना हे विशेष उपयोगी पडते. निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी आणि सहाव्या पट्टीत हेच पाचही रंग, असा तो १८८५ साली कोलंबोत प्रथम फडकला. मुले सहावी पट्टी हटकून विसरतात.

खरा प्रश्न चेहऱ्याचा. काही वर्षांपूर्वी सहावीतील एका मुलीने आपल्या आईसाठी पत्र केले. ठशातील आईचा चेहरा तिने फिकट गुलाबी रंगाने भरला. “तुझी आई अशी आहे का गं?” आम्ही विचारले. ती म्हणाली, “नाही सर, पण पेटीत अंगाचा रंग हाच आहे ना!” त्या पेन्सिलीला ‘स्किन’ म्हणतात. उन्हात भातलावणी करणाऱ्या बाईच्या लेकीला पेटी सांगते की अंगाचा रंग हा असतो, आणि ती ते खरे मानते. दोष केवळ पेटीचा नव्हता. वर्षानुवर्षे चेहरा रंगवायला आम्ही स्वतः हीच पेन्सिल काढून दिली होती, बाबासाहेबांच्या चित्रासाठीसुद्धा. इतिहास शिकवणाऱ्याला हे आधी सुचायला हवे होते. अजिंठ्याच्या भिंतींवर गोरी, तांबूस, सावळी, काळी अशी सर्व वर्णांची माणसे आहेत. त्या चित्रकारांनी एकाच रंगाला माणसाचा रंग ठरवले नाही.

तेव्हापासून आम्ही चेहऱ्यासाठी असे शिकवतो. प्रथम पिवळ्याचा अगदी विरळ थर, त्यावर नारिंगी, मग तपकिरीचे दोन-तीन थर. गालावर थोडा तांबडा. सावलीला काळा लावू नये, चेहरा मळकट दिसतो. तपकिरीवर हलका निळा दिला की सावली जिवंत होते. कपाळ आणि नाकाच्या शेंड्यावर थर कमी ठेवले की उजेड दिसतो. कुणाचा रंग किती गडद, हे मुलाने स्वतःचा हात कागदाशेजारी ठेवून ठरवावे. त्या मुलीने दुसरे पत्र केले. दिवाळीच्या सुट्टीत तिला न्यायला आलेल्या आईने ते उलटसुलट करून पाहिले, आतला मजकूर तिला वाचता येत नव्हता, आणि चित्रावर बोट ठेवून विचारले, “ही मीच ना?”

पत्र पाठवताना चित्रावर पातळ बटर पेपर ठेवावा, नाहीतर रंग पाकिटाला घासला जातो. घडी चेहऱ्यावरून जाऊ देऊ नये. आणखी एक सूचना देणगीदार पालकांसाठी. पेन्सिलींच्या पेट्या भेट देणार असाल तर सोबत तपकिरी पेन्सिली सुट्या द्याव्यात. हल्ली प्रत्येक पेटीत प्रथम तीच संपते.