साखर फेकून देणारा जिवाणू वेडा नाही!

आजचा हिरो आहे आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय. भरपूर खाणं मिळालं तर हा जिवाणू साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतो. पण त्याची एक सवय मला बरेच दिवस कळत नव्हती. ऑक्सिजन हवा तेवढा असला तरी, साखर जास्त मिळाली की तो ती पूर्ण जाळत नाही. अर्धवट वापरतो आणि उरलेलं अ‍ॅसिटेट म्हणून बाहेर टाकतो. हातातली ऊर्जा चक्क फेकून देतो! का बरं?

एक वडापावची गाडी डोळ्यासमोर आणा. जागा तेवढीच. गिऱ्हाईक वाढलं की कढया वाढवाव्या लागतात. मग मोठी, गॅस वाचवणारी शेगडी काढून छोटी ठेवायची. गॅस जास्त जातो, पण जागा वाचते.

पेशीचंही तसंच आहे. तिच्याकडे प्रथिनांचं बजेट ठरलेलं असतं. झपाट्याने वाढायचं तर रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, जास्त लागतात. टेरेन्स ह्वा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे साध्या गणितात मांडलं: वाढीचा वेग वाढतो तसा रायबोसोमचा वाटा सरळ रेषेत वाढतो. मग कात्री कुठे लागणार? साखर पूर्ण जाळणारी यंत्रणा ऊर्जा भरपूर देते, पण तेवढ्याच ऊर्जेसाठी तिला प्रथिनं जास्त लागतात. अर्धवट जाळणं त्या हिशेबात स्वस्त पडतं.

हे खरं कशावरून? २०१५ मध्ये बासान, ह्वा आणि सहकाऱ्यांनी पेशीला मुद्दाम एक बिनकामाचं प्रथिन बनवायला लावलं. बजेट आणखी आवळलं. वाढ मंदावली, तरी अ‍ॅसिटेट बाहेर येतच राहिलं. मॉडेलने सांगितलं होतं अगदी तसंच!

आता म्हणाल, आपल्याला काय त्याचं? अहो, १९८२ पासून बाजारात आलेलं मानवी इन्सुलिन आधी याच जिवाणूकडून बनवून घेतलं गेलं. जिवाणूच्या दृष्टीने इन्सुलिन म्हणजे बिनकामाचंच प्रथिन. त्यात अ‍ॅसिटेट साचलं की त्याची वाढ खुंटते. म्हणून कारखान्यात त्याला साखर एकदम न देता थोडी थोडी देतात. हा हिशेब चुकला तर त्याच टाकीतून औषध कमी निघतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी कोणी उधळपट्टी करताना दिसलं, तर आधी विचारा: याला नक्की कमी काय पडतंय?